साक्षीदाराची अदब आणि न्यायासनाचा आब

गोष्ट तीसेक वर्षांपूर्वीची आहे. मी तेव्हा अकोल्यात शिक्षक होतो. अकोले म्हणजे नगर जिल्ह्यातले, प्रवरेकाठचे. आता जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे, पण अकोल्यात म्हटले की लोकांना अजूनही विदर्भच आठवतो, म्हणून हा खुलासा. एका बैलचोरीच्या पंचनाम्यावर मी पंच म्हणून सही केली होती. शिक्षकाची सही म्हणजे भरवशाची, असे जमादारांचे मत पडले आणि मीही फारसा विचार न करता नाव लिहून मोकळा झालो. त्या सहीचा अर्थ मला पुढे समन्स आल्यावर कळला.

कोर्ट जिल्ह्यातलेच होते. कोणते ते सांगत नाही, कारण सांगून काही साधायचे नाही. पहिल्या चार तारखा वाया गेल्या. कधी आरोपीचे वकील आले नाहीत, कधी साहेब रजेवर, कधी वरच्या क्रमांकाचे काम लांबले. या चारही वेळा माझ्याबरोबर व्हरांड्यात एक म्हातारा ठाकर बसलेला असे. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, कमरेला चंची. तो पार घाटमाथ्याकडून यायचा. पहाटे निघून डोंगर उतरायचा, मिळेल ती एस. टी. धरायची आणि दिवसभर बसून संध्याकाळी पुढची तारीख ऐकून परत जायचे. बैल त्याचा नव्हता, शेजाऱ्याचा होता. रात्री नेताना त्याने पाहिला होता, एवढाच त्याचा गुन्हा!

पाचव्या तारखेला काम निघाले. पुकारा झाला तेव्हा म्हातारा झाडाखाली भाकरी खात होता, म्हणून आधी माझी साक्ष झाली. ती दहा मिनिटांत आटोपली आणि मला आत बाकावर बसता आले. मग म्हातारा कठड्यात आला. सरतपासणी ठीक झाली. उलटतपासणीत वकिलांनी विचारले, अंधारात बैल ओळखला कसा? तो म्हणाला, चालीवरून. त्या रात्री चंद्र होता का? म्हाताऱ्याने पुन्हा चालीचेच सांगितले. हाच प्रश्न तीनदा झाला. तेव्हा तो कठड्यावर कोपर टेकून थेट न्यायाधीशांकडे वळला आणि म्हणाला, "तूच सांग रं बाबा, तुझं पोर अंधारात चालत आलं तर तुला वळखू येत न्हाई का?"

कोर्टात खसखस पिकली. साहेब तरुण होते, नुकतेच बदलून आलेले असावेत. त्यांचा चेहरा लाल झाला. "हे कोर्ट आहे. नीट उभे राहा. आणि तू कोणाला म्हणता?"

म्हातारा सरळ उभा राहिला, पण गप्प बसला नाही. "मंग काय म्हनू? देवाला बी तूच म्हनतो. चार डाव आलो, तवा तू बी नव्हतास आन ह्यो बी नव्हता. आज आलास तर मलाच डाफरतूस."

आता मात्र कोणी हसले नाही. आणखी एक शब्द बोललात तर दंड करीन, असे साहेब म्हणाले. सरकारी वकील घाईघाईने उठले आणि त्यांनी सांगितले की, साक्षीदार डांगाणातला आहे, यांच्याकडे लहानथोर सगळ्यांना एकेरीच बोलतात, त्यात अवमान नाही. साहेबांनी पेन खाली ठेवले. मिनिटभर ते काही बोलले नाहीत. मग टंकलेखकाला त्यांनी मजकूर सांगितला: "त्या रात्री चंद्र होता किंवा कसे, हे मला सांगता येणार नाही." एवढेच कागदावर उतरले.

ही हकिकत मला आठवली ती ऑक्टोबर २०२५ मधल्या त्या बातमीमुळे. ६ तारखेला सर्वोच्च न्यायालयात, भर सुनावणीत, एका वकिलाने सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या दिशेने बूट भिरकावण्याचा प्रयत्न केला. माणूस सत्तरी ओलांडलेला. अंगावर काळा कोट, म्हणजे कोर्टात कसे उभे राहायचे, कसे बोलायचे, केव्हा झुकायचे हे सारे ज्याला पाठ, असा. गवईसाहेब अमरावतीचे. त्यांनी समोरच्या वकिलांना, लक्ष विचलित होऊ देऊ नका, असे सांगून काम पुढे चालू ठेवले आणि स्वतः कारवाईचा आग्रह धरला नाही. वकील परिषदेने सनद निलंबित केली ती गोष्ट वेगळी. याच गवईसाहेबांनी त्याआधी मे महिन्यात, सरन्यायाधीश झाल्यावर पहिल्यांदा मुंबईत आले असता, राज्याचे वरिष्ठ अधिकारी स्वागताला नव्हते याबद्दल जाहीरपणे चार शब्द सुनावले होते. पदाचा शिष्टाचार त्यांना नगण्य वाटत होता असे नाही. पण संस्थेचा मान आणि स्वतःवर आलेला प्रसंग यांत त्यांनी फरक केला. आमच्या त्या तरुण साहेबांना हा फरक त्या मिनिटभरात, पेन खाली ठेवल्यावर सुचला असावा, असे मी अजून मानतो.

बूट फेकणाऱ्याला अदब ठाऊक होती आणि आदर नव्हता. म्हाताऱ्याला अदब ठाऊक नव्हती. आदर होता की नाही? माझ्या मते होता. न्यायाधीशाला लेकराचा दाखला देऊन 'तूच सांग' म्हणणारा माणूस त्याला पंच मानत होता. मराठीत आपण परक्याला 'तुम्ही' म्हणतो, आईला आणि विठोबाला 'तू'. शहराच्या भाषेत हा भेद राहिला, पण 'तू'ची दुसरी बाजू, म्हणजे अधिकाराने खालच्याला झापण्याची, तीच तेवढी कानाला परिचित झाली. 'तू' ऐकले की आपल्याला आधी अपमानच ऐकू येतो. १९९८ मध्ये महाराष्ट्र शासनाने जिल्हा आणि तालुका पातळीवरील न्यायालयांची भाषा मराठी ठरवली. उत्तम झाले. पण कोणती मराठी, हा प्रश्न अकोले तालुक्याच्या पश्चिम भागातून येणाऱ्या साक्षीदारापुढे त्यानंतरही उभा राहतोच. राजूरपलीकडच्या माणसाची मराठी आणि कोर्टाच्या कागदाची मराठी यांच्यामध्ये कळसूबाईएवढा चढ आहे.

आता कायदा काय म्हणतो तेही पाहू. न्यायाधीश कामावर बसलेले असताना त्यांचा हेतुपुरस्सर अपमान करणे किंवा कामात व्यत्यय आणणे हा जुन्या दंडसंहितेच्या कलम २२८ खाली गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत तो कलम २६७ मध्ये आला. सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. यातला 'हेतुपुरस्सर' हा शब्द महत्त्वाचा. भाषेच्या सवयीने तोंडातून गेलेला शब्द त्यात बसत नाही. असा अपमान समोर घडला तर न्यायालय त्याच दिवशी, उठण्यापूर्वी, त्याची दखल घेऊन किरकोळ दंड करू शकते. तेवढ्याने भागणार नाही असे वाटले तर प्रकरण दुसऱ्या दंडाधिकाऱ्याकडे पाठवावे, अशीही सोय आहे. आणि माणसाने माफी मागितली तर सोडून देण्याचीही. तालुक्याच्या न्यायाधीशाला न्यायालयाच्या अवमानाबद्दल स्वतः शिक्षा देता येत नाही. १९७१ च्या अवमान कायद्याखाली तो अधिकार उच्च न्यायालयाचा, खालच्याने फक्त कळवायचे. अपमान झालेल्यानेच निवाडा करायचा, ही गोष्ट अवघड आहे हे कायदा करणाऱ्यांना पुरते ठाऊक असले पाहिजे, म्हणून इतक्या पायऱ्या आणि इतक्या पळवाटा ठेवल्या आहेत. ऑक्टोबर २०१० मध्ये कसाबच्या फाशीवर मुंबई उच्च न्यायालयात सुनावणी चालू असताना तो दूरचित्र यंत्रणेवरून हजर होता आणि एके दिवशी कॅमेऱ्याच्या दिशेने थुंकला. न्यायाधीशांनी त्याला वर्तन सुधारण्याची समज दिली, आणि सुनावणी पुढे चालली. त्याहून मोठा उद्धटपणा कोणता असणार? पण कामकाज त्यासाठी थांबले नाही.

कायद्यात आणखी एक तरतूद आहे, ती फारशी कोणाला माहीत नसते. साक्षीदार साक्ष देताना कसा वागला, याविषयी न्यायाधीशाला वाटले तर तो शेरा नोंदवू शकतो. चाचरला, घाम फुटला, उलट बोलला, सगळे. पण न्यायाधीश किंवा वकील साक्षीदाराशी कसे वागले, हे लिहून ठेवण्याचा रकाना मात्र कुठे नाही. 'चार डाव आलो' हे वाक्य कागदावर कसे येणार?

साक्षीदाराच्या अब्रूचा प्रश्न मराठी माणसाने एकदा थेट लंडनपर्यंत लढवला आहे, आणि तो लढवणारा साक्षीदार कोणी साधासुधा नव्हता. ताईमहाराज प्रकरण म्हणून ते प्रसिद्ध आहे. राजद्रोहाच्या १९०८ च्या खटल्याने ते आपल्या आठवणीत झाकले गेले, पण माझ्या लेखी ते अधिक शिकवणारे आहे. पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित १८९७ मध्ये वारले. मृत्युपत्रात त्यांनी लोकमान्य टिळकांना विश्वस्त नेमले होते. १९०१ मध्ये औरंगाबादला विधवा ताईमहाराजांच्या मांडीवर एक मुलगा दत्तक दिला गेला. पुढे ताईमहाराजांचे मन फिरले, त्यांनी कोल्हापूरचा दुसरा मुलगा पसंत केला आणि विश्वस्तांचा अधिकार काढून घ्यावा म्हणून पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज केला. न्यायाधीश होते अ‍ॅस्टन. टिळक साक्षीदार म्हणून उभे राहिले. औरंगाबादला काय घडले हे ते शपथेवर सांगत होते आणि अ‍ॅस्टनसाहेबांचा त्यांच्या एकाही शब्दावर विश्वास बसत नव्हता. एप्रिल १९०२ मध्ये निकाल लागला. विश्वस्तांचा अधिकार तर गेलाच, वर खोटी साक्ष आणि इतर आरोपांखाली टिळकांवर खटला भरण्याचे पाऊल न्यायाधीशांनीच उचलले. दिवाणी कामातला साक्षीदार फौजदारीतला आरोपी झाला.

पुढचा क्रम तारखांनीच सांगतो. ऑगस्ट १९०३ मध्ये दंडाधिकारी क्लेमंट्स यांनी दीड वर्षाची सक्तमजुरी आणि हजार रुपये दंड ठोठावला. जानेवारी १९०४ मध्ये सत्र न्यायाधीशांनी शिक्षा सहा महिन्यांवर आणली. मार्च १९०४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात सर लॉरेन्स जेन्किन्स आणि न्या. बॅटी यांनी टिळकांना निर्दोष सोडले. तरी दत्तकाचा मूळ दिवाणी दावा चालूच राहिला. १९१० मध्ये तो उच्च न्यायालयात टिळकांच्या बाजूविरुद्ध गेला, आणि त्यांच्या साक्षीवर पुन्हा शिंतोडे उडाले. टिळक तेव्हा मंडालेला होते. मार्च १९१५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला आणि औरंगाबादचे दत्तक खरे ठरवले. नुसते तेवढेच नाही. साक्षीदार शपथेवर उलटतपासणीला उभा असताना एखादा कागद त्याच्याविरुद्ध वापरायचा असेल, तर तो त्याच्यापुढे ठेवून खुलाशाची संधी त्याला दिलीच पाहिजे, आणि जिथे त्याची अब्रू पणाला लागली आहे तिथे तर हा नियम अधिकच कसोशीने पाळला पाहिजे, असे कौन्सिलने बजावले. टिळक विरुद्ध श्रीनिवास पंडित हा निकाल भारतीय न्यायालयांत आजही पुराव्याच्या कायद्यावरचा आधार म्हणून पुढे केला जातो. कुठल्या तरी खेड्यातला साक्षीदार, 'हा कागद मला दाखवा, मग बोलतो' असे म्हणू शकतो, त्यामागे टिळकांची चौदा वर्षांची चिकाटी आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

या सगळ्या काळात टिळकांच्या तोंडी एक वावगा शब्द आला असता तर तो विरोधकांनी सोन्याने मढवला असता. तो आला नाही. आणि तरीही १९०८ मध्ये न्या. दावर यांच्यापुढे, शिक्षेच्या तोंडावर, ज्युरीचा कौल काहीही असो, मी निर्दोष आहे आणि जगाचा कारभार चालवणारी याहून श्रेष्ठ शक्ती आहे, असे ते बोलले. शब्द सभ्य, स्वर शांत, आणि आशय असा की समोरच्या न्यायासनाचा शेवटचा अधिकारच अमान्य. (हेच दावर १८९७ मध्ये वकील म्हणून टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिले होते. काळ काय काय दाखवतो!) दावरसाहेबांनी त्यांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. १९५६ मध्ये मुख्य न्यायाधीश छागला यांच्या हस्ते तेच शब्द संगमरवरी पाटीवर, त्याच न्यायालयाच्या इमारतीत लावले गेले. आरोपीचे वाक्य कोर्टाने आपल्या भिंतीवर मिरवावे, असे जगात फार ठिकाणी घडले नसेल.

पण टिळक टिळक होते. विद्वान, कायद्याचे पदवीधर, मागे सारा देश. ज्याच्या मागे कोणी नाही त्याचे काय होते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे आणि ते लिहिताना आजही लाज वाटते. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचे प्रकरण झाले. खालच्या न्यायालयाने आरोपींना सोडलेच, आणि साक्ष देणाऱ्या त्या मुलीला धडधडीत खोटारडी ठरवले. उच्च न्यायालयाने तिच्यावर विश्वास ठेवला, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा आरोपींना सोडले. चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, १९८३ मध्ये कायदा बदलला. अशा खटल्यांत पीडितेच्या चारित्र्यावर उलटतपासणीत शिंतोडे उडवायला कायद्याने मनाई व्हायला २००३ साल उजाडले. न्यायाधीशाला एकेरी बोललेला साक्षीदार दंडाला पात्र, आणि साक्षीदाराला खोटारडी म्हणणारे निकालपत्र मात्र अदबीतच बसते, ही विसंगती त्या मुलीने कोणाला विचारायची होती?

सर्वोच्च न्यायालयाने स्वतः २००० मध्ये स्वरनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात साक्षीदाराच्या दैन्याचे वर्णन केले आहे. त्याला बसायला जागा नाही, प्यायला पाणी नाही, शिपाई त्याला गर्दीतून बाहेर ढकलतो, दिवसभर थांबवून संध्याकाळी तारीख पडल्याचे सांगतात. मी ते वाचले तेव्हा मला आमचा व्हरांडा दिसला. पुढे २०१७ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका अपिलात, लहान मुले आणि अत्याचारपीडित अशा दुबळ्या साक्षीदारांसाठी वेगळी साक्षकेंद्रे उघडण्याचे आदेश झाले, २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षणाची योजना देशभर लागू झाली. चांगले पाऊल आहे. पण ही सोय ज्यांच्या जिवाला धोका आहे किंवा जे विशेष दुबळे आहेत त्यांच्यासाठी. नुसता गरीब, नुसता लांबून आलेला, नुसता वेगळे बोलणारा साक्षीदार कुठल्याच योजनेत बसत नाही.

करोनानंतर सुनावण्या पडद्यावर आल्या आणि अदबीचा नवाच गोंधळ सुरू झाला. जून २०२५ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या सुनावणीला एक पक्षकार चक्क शौचालयात बसून हजर राहिला आणि त्याचे चित्रण देशभर फिरले. त्याच महिन्यात त्याच न्यायालयात एक ज्येष्ठ वकील पेयाचा मग हातात घेऊन पडद्यावर दिसले आणि न्यायालयाने त्याची गंभीर दखल घेतली. हे दोघेही शिकलेले, फोन वापरणारे, इमारतीच्या पायऱ्या चढून आत आले असते तर वाकून नमस्कार करणारे. उंच खुर्ची, कठडा, पुकारा, काळे कोट यांच्यामुळे माणूस आपोआप सावरून उभा राहतो, हे मला मान्य आहे. म्हणून तो थाट निरर्थक आहे असे मी म्हणणार नाही. तो थाट नसता तर आमच्या म्हाताऱ्याच्या गावात चोरी झालेल्याला आणि चोरी केल्याचा आळ आलेल्याला एकाच उंचीवर कोणी उभे केले असते? 'माय लॉर्ड' म्हणणे सक्तीचे नाही, आदराने बोलले म्हणजे झाले, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटले आहे. आदर कोणत्या बोलीत, हे मात्र कोणी विचारले नाही.

न्यायाधीशांकडूनही कधी कधी वेगळे ऐकू येते. ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूर खंडपीठाचे न्या. रोहित देव यांनी भर न्यायालयात राजीनामा जाहीर केला. आत्मसन्मानाशी तडजोड करता येणार नाही, असे ते म्हणाले, आणि जाता जाता, आपण ज्यांना कठोर बोललो त्या वकिलांची त्यांनी माफी मागितली. वकिलांची. साक्षीदारांची माफी मागितल्याचे मी अजून ऐकलेले नाही, पण सुरुवात कुठून तरी व्हायची असते.

त्या दिवशी काम संपल्यावर मी आणि म्हातारा कोर्टासमोरच्या टपरीवर चहा प्यायलो. भत्त्याच्या कागदावर अंगठा उठवल्याने त्याच्या बोटाला शाई लागली होती, ती तो बशीतल्या चहाच्या थेंबाने पुसत होता. "त्या सायबाला राग कशाचा आला?" त्याने विचारले. मी म्हणालो, तुम्ही त्यांना तू म्हणालात त्याचा. तो जरा वेळ विचार करीत राहिला. "आन ते चार डाव म्हनलो त्याचा न्हाई?" मला उत्तर सुचले नाही.

निकाल लागला तेव्हा मी मुद्दाम चौकशी केली. अंधारात बैल ओळखल्याचा पुरावा निर्विवाद नाही म्हणून संशयाचा फायदा देऊन आरोपीला सोडले होते. निकालात चुकीचे काही होते असे मला म्हणता येणार नाही. बैल मालकाला मिळाला होता. म्हाताऱ्याला निकाल कोणी कळवला का, हे मी विचारले, तेव्हा लिपिक म्हणाला, साक्षीदाराला कळवायची पद्धत नाही. त्या वर्षी राजूरला डांगी जनावरांच्या प्रदर्शनात तो मला भेटला. एका काळ्यापांढऱ्या खोंडाच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. मी निकाल सांगितला. त्याने मान हलवली आणि खोंडाकडे बोट करून म्हणाला, "ह्याला चालवून बघ. मंग डोळं मिट आन सांग, वळखू येतो का न्हाई ते."